पंखांवरून ओळखावे कूळ

मृगाच्या पहिल्या दमदार सरी कोसळून गेल्या की त्याच संध्याकाळी दिव्यांभोवती पंखवाल्या कीटकांची झुंबड उडते. दिवे मालवावे लागतात, खिडक्या लावून घ्याव्या लागतात आणि सकाळी उंबरठ्याशी पातळ, पारदर्शक पंखांचा खच पडलेला दिसतो. 'पावसाळी किडे' असे म्हणून तो केरसुणीने लोटून दिला जातो. हे पंख बहुधा वाळवीचे असतात. वर्षभर जमिनीखाली वाढलेले वाळवीचे नर-मादी पहिल्या पावसानंतर बाहेर पडतात, थोडेसे उडतात, जमिनीवर उतरताच आपले पंख स्वतःच गाळून टाकतात आणि जोडीने नव्या वसाहतीसाठी ओलसर माती शोधू लागतात. ही माती इमारतीच्या पायालगतचीही असू शकते. म्हणजे ज्याला आपण केर समजतो, ती एका अर्थी घरमालकाला मिळालेली आगाऊ सूचना असते. ती वाचता येत नाही, एवढेच.

उडणाऱ्या प्रत्येक लहान जिवाला 'किडा', त्याहून लहान असेल तर 'चिलट' आणि जरा मोठा असेल तर 'माशी' म्हणून मोकळे होण्याची सवय शहरांत आणि खेड्यांतही सारखीच आहे. या सवयीची किंमत मात्र मोजावी लागते. कोणता कीटक कोणत्या कुळातला आहे, हे कळले की तो काय खातो, कोठे वाढतो, त्याचे बालपण पाण्यात जाते की मातीत, त्याला आवर घालावयाचा तर कोणत्या अवस्थेत, याची बरीचशी उत्तरे आपोआप मिळतात. कीटकांचे वर्गीकरण हा केवळ प्रयोगशाळेतील पंडितांचा छंद नव्हे, तो असा!

कीटक कोणाला म्हणावे?

सांधेयुक्त पायांच्या प्राण्यांचा जो विशाल संघ आहे, त्यातील कीटक हा एक वर्ग होय. डोके, वक्ष आणि उदर असे शरीराचे तीन भाग, वक्षावर पायांच्या तीन जोड्या, डोक्यावर स्पर्शिकांची एक जोडी आणि प्रौढावस्थेत बहुधा संयुक्त डोळे, ही कीटकांची ओळख. या कसोटीवर आठ पायांचे कोळी आणि विंचू किंवा अनेक पायांची गोम कीटकांत बसत नाहीत. आजवर सुमारे १० लाख कीटकजातींचे शास्त्रीय वर्णन झाले आहे आणि अद्याप नाव न मिळालेल्या जातींची संख्या याच्या कित्येक पट असावी, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

कीटकांची पहिली मोठी विभागणी पंखांवरूनच होते. ज्यांच्या पूर्वजांना कधीच पंख नव्हते असे कीटक थोडे. जुन्या पुस्तकांत आढळणारी रुपेरी, सुळकन पळणारी कसर ही त्यांपैकी एक. उरलेले बहुसंख्य कीटक पंखधारी गटात मोडतात; या गटाला शास्त्रात टेरिगोटा असे नाव आहे. येथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. ऊ, पिसू आणि ढेकूण यांना पंख नसतात; तरीही त्यांची गणना पंखधाऱ्यांतच केली जाते. कारण त्यांचे पूर्वज पंखधारी होते. परोपजीवी आयुष्यात पंखांची अडचणच होऊ लागली आणि ते कालौघात नाहीसे झाले. कामकरी मुंगीला पंख नसतात, पण तिच्याच वारुळातील राणीला आणि नरांना ते असतात. वर्गीकरण हे असे वंशावळीवर चालते, केवळ वरवरच्या दिसण्यावर नव्हे.

आकाशातील पहिले प्रवासी

उडण्याची कला सजीवांत सर्वप्रथम कीटकांनी साधली. सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत पंखधारी कीटकांचे स्पष्ट जीवाश्म सापडतात. उडणारे सरपटणारे प्राणी, पक्षी आणि वटवाघळे ही सर्व मंडळी त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी हवेत उतरली. तोवर आकाशावर कीटकांचे एकछत्री राज्य होते. फ्रान्समध्ये सापडलेला, चतुराचा दूरचा आप्त असलेला मेगॅन्युरा हा त्या काळातील कीटक. त्याच्या पसरलेल्या पंखांची लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर भरते, म्हणजे जवळजवळ कावळ्याच्या पंखविस्ताराच्या तोडीची!

पक्ष्याचा पंख हा मुळात हात आहे. वटवाघळाचेही तसेच. कीटकाने मात्र पंखासाठी एकही पाय खर्ची घातलेला नाही. वक्षाचे तीन खंड असतात. त्यांतील दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडांवर पंखांची एकेक जोडी उगवते. पंख म्हणजे शरीराच्या कवचाचाच ताणून पातळ झालेला दुहेरी पापुद्रा. त्यातून जाणाऱ्या शिरा त्याला ताठपणा देतात. या शिरांची जाळी प्रत्येक गटात निराळी असते आणि तिच्यावरून तज्ज्ञांना कीटकाचे कूळ सांगता येते.

पंखांवरून कीटकांची गणवारी लावण्याचे श्रेय स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांच्याकडे जाते. १७५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सिस्टिमा नॅच्युरी' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्यांनी कीटकांचे सात गण केले. त्यांतील सहा पंखांच्या स्वरूपावरून आणि सातवा पंख नसलेल्यांचा. या सातव्या गणात त्यांनी कोळी आणि खेकडेही घातले होते. ते पुढे वगळले गेले. आज कीटकांचे सुमारे ३० गण मानले जातात. तथापि लिनियस यांनी रूढ केलेली भुंगेरे, पाकोळ्या, माश्या व मधमाश्या यांच्या गणांची नावे अडीचशे वर्षांनंतरही टिकून आहेत.

पंख मिटता येतात की नाही?

पंखधाऱ्यांमधील पहिला प्रश्न अगदी साधा आहे. बसल्यावर पंख मागे दुमडून पाठीवर सपाट ठेवता येतात का? ज्यांना हे जमत नाही, त्यांचा गट प्राचीन पंखधाऱ्यांचा. त्यांत आज दोनच गण उरले आहेत. एक मेफ्लाय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्षणजीवी कीटकांचा. त्यांचे बालपण पाण्यात महिनोन्‌महिने चालते, पण प्रौढावस्था काही तासांची किंवा फार तर दोन-तीन दिवसांची. त्या अवस्थेत ते अन्नही घेत नाहीत. पंख फुटल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारा हा एकमेव कीटकगण आहे.

दुसरा गण चतुर आणि टाचण्यांचा. चतुर बसला तरी त्याचे पंख विमानासारखे आडवे पसरलेले राहतात. टाचणी ते पाठीवर उभे जुळवते, पण सपाट दुमडू तिलाही शकत नाही. चतुराच्या उडण्याचे स्नायू थेट पंखांच्या मुळाशी जोडलेले असल्याने चारही पंख तो स्वतंत्रपणे हलवू शकतो. म्हणूनच तो हवेत एका जागी थांबतो, क्षणात दिशा बदलतो आणि उडतानाच भक्ष्य पकडतो. त्याची पाण्यातील पिल्ले डासांच्या अळ्या खातात आणि प्रौढ चतुर डास खातो. पावसाळ्याच्या अखेरीस मैदानांवर थव्याने घिरट्या घालणारा पिवळसर चतुर, पँटाला फ्लॅव्हेसेन्स, हा तर जगप्रवासी आहे. चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार हे चतुर भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातात आणि पुढील पिढ्या परत भारतात येतात. इवल्याशा पंखांवर समुद्र ओलांडणारे असे प्रवासी फारच थोडे.

उरलेले सर्व गण पंख दुमडू शकणाऱ्यांचे. या एका युक्तीने कीटकांपुढे नवे जग खुले झाले. पंख अंगाशी मिटले की सालीखाली, दगडांच्या फटीत, मातीत, शेणात, धान्याच्या पोत्यात कोठेही शिरता येते. कीटकांच्या अफाट संख्येमागे या दुमडणाऱ्या पंखांचा वाटा मोठा आहे.

बालपणाच्या दोन तऱ्हा

दुसरा प्रश्न असा : पंख फुटतात कसे? नाकतोडा, टोळ, झुरळ, वाळवी, मावा, तुडतुडे यांची पिल्ले जन्मतःच आईबापांची लहान प्रतिकृती असतात. प्रत्येक कातीबरोबर पंखांचे कोंब बाहेरच्या बाजूने थोडेथोडे वाढतात. याला अपूर्ण रूपांतरण म्हणतात. अशा कीटकांचे पिल्लू आणि प्रौढ सामान्यतः एकाच प्रकारचे अन्न खातात. म्हणून पीक खाण्याच्या कामी लहानथोर सारेच सामील असतात.

भुंगेरे, पाकोळ्या, माश्या, मधमाश्या यांची गोष्ट वेगळी. अंडे, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्था त्यांच्या आयुष्यात येतात. पंखांची घडण अळीच्या शरीराच्या आत लपून चालते आणि कोषातून बाहेर पडेपर्यंत ती दिसत नाही. अळी आणि प्रौढ यांचे अन्न, वस्ती, तोंडाची रचना सारेच निराळे असते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिलेली राणी पाकोळी फुलांतील मध शोषते, पण तिची अळी लिंबाच्या कुळातील झाडांची पाने कुरतडते. आई आणि मूल यांच्यात अन्नासाठी स्पर्धाच उरत नाही. ही व्यवस्था इतकी यशस्वी ठरली, की ज्ञात कीटकजातींपैकी बहुसंख्य याच पूर्ण रूपांतरणाच्या गटात मोडतात.

मुख्य कुळे आणि त्यांच्या खुणा

सर्व गणांची यादी देणे येथे शक्य नाही; पण सहा-सात मोठी कुळे ओळखता आली, तर डोळ्यांसमोर येणाऱ्या बहुतेक कीटकांचा उलगडा होतो.

ढालपंखी अर्थात कोलिऑप्टेरा हे सर्वांत मोठे कूळ. सुमारे ४ लाख जातींचे भुंगेरे त्यात येतात. यांचे पुढचे पंख जाड, टणक ढालीसारखे असतात आणि पाठीवर मधोमध सरळ रेषेत जुळतात. उडण्याचे काम त्यांखाली घडी घालून ठेवलेले मागचे पंख करतात. नारळाचा गेंड्या भुंगा, उसाच्या मुळांवर जगणाऱ्या हुमणीचा भुंगेरा, धान्यातील सोंडकिडा आणि मे-जूनच्या रात्री भंडारदऱ्याच्या परिसरातील झाडे उजळवणारा काजवा ही सारी याच कुळातील भावंडे.

खवलेपंखी अर्थात लेपिडोप्टेरा या गणात पाकोळ्या आणि पतंग येतात. यांच्या जाती दीड लाखाहून अधिक. पाकोळी हातात धरली की बोटांना लागणारी 'पूड' म्हणजे पंखांवरील सूक्ष्म खवले. पाकोळीच्या स्पर्शिकांच्या टोकाला गाठ असते. पतंगाच्या स्पर्शिका धाग्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. या गणात पतंगच बहुसंख्य असून पिकांवरील बहुतेक कुप्रसिद्ध अळ्या त्यांच्याच असतात.

द्विपंखी अर्थात डिप्टेरा यांना नावाप्रमाणे दोनच पंख. मागच्या पंखांच्या जागी टाचणीच्या आकाराचे दोन लहान अवयव असतात. उडताना ते पंखांच्या तालावर कंप पावतात आणि तोल किंचित ढळला तरी शरीराला त्याची वर्दी देतात. घरमाशी हाताला न सापडण्यामागे या संतोलकांचा मोठा हात आहे. खऱ्या माश्या, डास आणि चिलटे या गणात येतात. यांचे पंख इतक्या वेगाने हलतात, की प्रत्येक फडफडीसाठी मेंदूकडून निराळा निरोप पोहोचणे शक्यच नसते. स्नायू वक्षाची पेटी आलटून पालटून दाबतात, तिच्या कंपनाने पंख हलतात आणि एका निरोपावर अनेक फडफडी होऊन जातात. कानाशी होणारी डासाची गुणगुण ही सेकंदाला काही शे वेळा हलणाऱ्या पंखांची असते.

कलापंखी अर्थात हायमेनोप्टेरा या गणात मधमाश्या, गांधीलमाश्या, कुंभारीण आणि मुंग्या यांचा समावेश होतो. पारदर्शक पंखांच्या दोन जोड्या आणि त्यांना उडताना एकमेकींत गुंतवणारे बारीक आकडे ही त्यांची खूण. मधमाशी सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख हलवते. जुन्या काव्यांतील कमळाभोवती रुंजी घालणारा भ्रमर हा साधारणतः याच कुळातील लाकूड पोखरणारी काळी माशी होय. नारळाच्या गेंड्या भुंग्याशी त्याचे नावापुरतेच साम्य.

अर्धपंखी अर्थात हेमिप्टेरा यांची खरी ओळख त्यांच्या सुईसारख्या सोंडेत आहे. ही सोंड टोचून ते वनस्पतींचा रस, क्वचित रक्त शोषतात. मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण आणि कपाशीवरील लाल ढेकण्या यांचे हे कूळ. ऋजुपंखी अर्थात ऑर्थोप्टेरा यांत उड्यांसाठी दणकट मागचे पाय असलेले नाकतोडे, टोळ आणि रातकिडे मोडतात. वाळवीचा पूर्वी समपंखी नावाचा स्वतंत्र गण मानला जाई. पण जनुकीय अभ्यासातून ती झुरळांचीच वंशज असल्याचे स्पष्ट झाले आणि २००७ नंतर तिला झुरळांच्या गणात समाविष्ट करण्याकडे कल झाला.

ओळख चुकली तर?

नावाने फसवणूक कशी होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे कपाशीवरील पांढरी माशी. तिला चार पंख असतात, सोंड असते आणि ती मावा-तुडतुड्यांची नातेवाईक आहे. माशी ती नव्हेच. ती अर्धपंखी असल्याने तिची पिल्लेही पानाच्या खालच्या बाजूला चिकटून रसच शोषत असतात. पानावर वरवर फवारलेले औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. उलट सरसकट फवारणीने तिला खाणारे मित्रकीटक मरतात आणि तिचे फावते. २०१५ मध्ये पंजाबातील कपाशीचे या कीटकाने अतोनात नुकसान केले होते.

बीटी कपाशीच्या प्रश्नातही गणांची ओळख कळीची आहे. भारतात २००२ मध्ये मान्यता मिळालेल्या या वाणात एका जिवाणूपासून घेतलेले प्रथिन खवलेपंखी अळ्यांच्या आतड्यावर आघात करते. बोंडअळ्यांसाठी ते योजलेले. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांना त्याचा उपद्रव होत नाही. 'बीटी आहे म्हणजे कीडच येणार नाही' हा समज म्हणूनच मुळात चुकीचा होता. पुढे गुलाबी बोंडअळीनेही त्या प्रथिनाला दाद देणे सोडले आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कपाशीला मोठा तडाखा बसला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. औषधांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव, उंच वाढलेली कपाशी अशी अनेक कारणे त्यामागे सांगितली गेली. पण कोणत्या किडीवर काय आणि केव्हा फवारावे, हा प्रश्न त्या साऱ्यांच्या मुळाशी होताच. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिच्या पंखवाल्या अवस्थेवर, म्हणजे नर पतंगांवर नजर ठेवणारे कामगंध सापळे यासाठीच लावावयाचे असतात.

टोळांच्या बाबतीत नेमके उलटे. २०२० च्या मे महिन्यात मध्य प्रदेशातून विदर्भात उतरलेल्या वाळवंटी टोळांनी अमरावती, नागपूर परिसरातील शेतकऱ्यांची झोप उडवली. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी प्रौढ टोळ असू शकतात आणि असा थवा दिवसाला दीडशे किलोमीटरपर्यंत मजल मारतो. त्यांना रोखण्याची खरी वेळ पंख फुटण्यापूर्वीची, म्हणजे पिल्ले जमिनीवर टुणटुण उड्या मारीत चालत असतात तेव्हाची. पंख आले की प्रश्न एका शेताचा राहत नाही, तो देशांच्या सीमा ओलांडतो.

शहरवासीयांसाठी हाच धडा डास शिकवतो. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास द्विपंखी, म्हणजे पूर्ण रूपांतरणाचा कीटक. त्याची अळी आणि कोष दोन्ही पाण्यात. अनुकूल हवामानात अंड्यातून डास बाहेर पडायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. धुराची फवारणी फक्त उडत्या डासांना लागू पडते. गच्चीवरील पिंपात आणि कुंडीखालच्या ताटलीत पुढची पिढी तयार होतच असते. आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून घासून कोरडी ठेवावीत, या सूचनेमागील गणित हे असे आहे. घासण्याला महत्त्व अशासाठी, की भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात.

शत्रू थोडे, मित्र फार

पिकांचे किंवा माणसाचे नुकसान करणाऱ्या जाती एकूण कीटकांच्या तुलनेत मूठभर आहेत. ढालकिडा आणि त्याची काळपट, खडबडीत अळी दोघेही मावा फस्त करतात. पण ती अळीच कीड समजून चिरडली जाते. सातेरी मधमाशी, आग्या मोहोळ, फुलोरी माशी यांच्यावाचून कित्येक फळभाज्या आणि तेलबियांचे पीक उतरणार नाही. इतकेच काय, आंब्याच्या मोहोराचे परागीभवन करण्यात ज्यांना आपण सदैव हाकलतो त्या माश्यांचा वाटा मोठा असतो. कोकणच्या हापूसची गोडी काही अंशी द्विपंखीयांच्या कृपेने मिळते, हे पचनी पडायला जड असले तरी खरे आहे.

हे मित्र आज संकटात आहेत. जर्मनीतील ६३ संरक्षित क्षेत्रांत २७ वर्षे जाळी लावून केलेल्या मोजणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार उडणाऱ्या कीटकांच्या एकूण वजनात या काळात तीन चतुर्थांशाहून अधिक घट झाली. हे चित्र शेतांतले नव्हे, राखीव निसर्गक्षेत्रांतले आहे. प्रत्येक देशातील परिस्थिती निराळी असली, तरी ३२ कोटी वर्षे आकाशात टिकून राहिलेल्यांची ही अवस्था विचार करायला लावणारी आहे.

सर्वच कीटकांवर एकच औषध मारणे सोपे असते. कोण कोणत्या कुळातला हे पाहणे थोडे कष्टाचे. पण त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतोच असे नाही. पंख दोन की चार, जाड की पातळ, उघडे की झाकलेले, खवल्यांचे की पारदर्शक, आणि बसल्यावर ते मिटतात का, एवढे पाहिले तरी अर्धी ओळख पटते. पुढच्या पावसात दिव्याखाली पंख पडलेले दिसले, तर केरसुणी हाती घेण्यापूर्वी क्षणभर वाकून पाहावे. चारही पंख एकसारखे, लांबट असतील तर पाहुणी वाळवी आहे. मग घरालगतची माती आणि जिन्याखालचे जुने लाकूड एकदा तपासून घ्यावे, हे बरे!